कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, आणि रिपोर्ट वाचून झोप उडाली

सातपुडा (धागाकर्ता) – शनिवार, रात्री १०:४०

गेली १९ वर्षं मी एमआरआय टेक्निशियन आहे. आधी जळगाव, आता नाशिक. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे यंत्र आणि त्यात पडलेला माणूस. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, ते रेडिऑलॉजिस्टचं. पण रिपोर्टचं पाकीट मिळाल्यावर बाहेरच्या बाकड्यावर बसून ते लगेच उघडणारी माणसं मी रोज बघतो. परवा एक बाई, वय चाळिशीच्या आत, मोबाईलवर एकेक शब्द शोधत होत्या. दहा मिनिटांत रडायलाच लागल्या. रिपोर्टात होतं काय? एल-फोर, एल-फाइव्हच्या, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला थोडा फुगवटा आणि दोन गाद्यांच्या आतलं पाणी कमी झालेलं. "दादा, मी आता अंथरुणाला खिळणार का?" असं त्यांनी मला विचारलं. यावर बोलायचा मला अधिकार नाही. "डॉक्टरांना दाखवा, ते नीट सांगतील," एवढंच म्हणालो. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

आधी यंत्र काय बघतं ते सांगतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. आपल्या शरीरात सगळ्यात जास्त काय, तर पाणी. पाण्यात हायड्रोजन. त्याचा अणुगर्भ म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. आमचं यंत्र १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीसेक हजार पट. माणूस आत गेला की या प्रोटॉनांचा किंचितसा कल त्या क्षेत्राच्या दिशेने होतो. मग सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीने त्यांना ढळवायचं, लहर थांबवायची, आणि ते पूर्वपदावर येताना जो बारीक प्रतिसाद देतात तो टिपायचा. पाण्यातले प्रोटॉन एका गतीने परततात, चरबीतले दुसऱ्या, सूज आलेल्या जागेतले आणखी वेगळ्या. चित्र तयार होतं ते या फरकातून. क्ष-किरण यात कुठेच नाहीत.

टी-टू म्हणून जी चित्रं घेतो त्यात पाणी पांढरं दिसतं. विशीतल्या माणसाच्या मणक्यांमधली गादी पाणीदार असते, म्हणून ती पांढरी. वय वाढतं तशी गादी सुकते आणि चित्रात काळी पडत जाते. रिपोर्टात याला 'डेसिकेशन' लिहितात. केस पिकतात तसंच हे. पण डोक्यावरचा पांढरा केस बघून कुणी रडत नाही, आणि हा शब्द वाचून माणसं रडतात.

१९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे कमरेचे एमआरआय काढले. अट एकच, यांतल्या कुणाचीही कंबर दुखत नसावी. ५२ टक्के लोकांत निदान एका गादीला फुगवटा निघाला. २७ टक्क्यांत गादी बाहेर डोकावलेली होती. सगळ्या गाद्या व्यवस्थित असलेले फक्त ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० न दुखणाऱ्या माणसांचा हिशेब मांडला. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. हे आकडे रिपोर्टाच्या शेवटी मराठीत छापावेत असं मला फार वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. मात्र कुणी आपला रिपोर्ट इथे टाकून निदान मागू नका, ते इथे करणं बरोबर नाही.

---

अपर्णा_ठाणे – रात्री ११:२५

सातपुडा दादा, तुम्ही आमच्याच घरातलं लिहिलंत असं वाटलं. नवरा ४१ वर्षांचा, रोज डोंबिवलीहून लोकल. पंधरा दिवस कंबर धरली होती. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं आणि हा डॉक्टरांकडे न जाताच एमआरआय काढून आला. आता ओळखीपाळखीचे सगळे म्हणतायत, 'मणक्यात गॅप आहे, वाकू नकोस, वजन उचलू नकोस.' आठ दिवस झाले, पाण्याची कळशीही उचलत नाही. दुखणं आधीपेक्षा कमी आहे, पण माणूस घाबरलाय. माझा प्रश्न असा की मग एमआरआय काढायचाच कशाला?

---

दख्खनी – रविवार, सकाळी ७:१०

मी रेडिऑलॉजिस्ट आहे, सोलापूर भागात. अपर्णाताईंचा प्रश्न योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'गॅप' हा शब्द आम्ही रिपोर्टात कधीच लिहीत नाही. गादी सुकली की दोन मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं. हा शब्द कुठून आला मला माहीत नाही, पण महाराष्ट्रभर पसरलाय आणि त्याने माणसांना पलंगावर बसवून ठेवलंय. साध्या कंबरदुखीत हालचाल चालू ठेवणं हाच उपचार, आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. गादीचा तुकडा निसटून नसेवर आला असेल तरी तो बरेचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

मग एमआरआय कधी? लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी. पुढच्या आठवड्यात नव्हे. ताप, रात्री जागं करणारं दुखणं, वजन उतरणं, आधी कर्करोग होऊन गेलेला असणं, उंचावरून पडणं, यातलं काही असेल तरी लगेच. सायटिकाची, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ सहा आठवडे नीट उपचार करूनही हटत नसेल आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तेव्हाही. या सगळ्यात डॉक्टरांच्या मनात एक नेमका प्रश्न असतो आणि चित्र त्याचं उत्तर देतं.

आता आमच्या बाजूची अडचण. माझ्याकडे चिठ्ठी येते तिच्यावर लिहिलेलं असतं, 'एमआरआय एल एस स्पाइन.' म्हणजे कमरेच्या मणक्यांचा एमआरआय. बस. कोणता पाय दुखतो, किती दिवस, ताप आहे का, काही नाही. मग मी जे दिसेल ते सगळं लिहितो, कारण काही सुटलं असं उद्या व्हायला नको. २०१७ साली एक अभ्यास आला होता. ६३ वर्षांच्या एका बाईंचा कमरेचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळ्या नोंदी होत्या, आणि दहाही जणांनी लिहिली अशी एकही नव्हती. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तेव्हापासून चिठ्ठी कोरी असली की मी स्वतः बाहेर जाऊन माणसाला दोन मिनिटं विचारतो.

---

पोफळी – सकाळी ९:०२

वाचनखूण साठवली.

भीतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आईला (वय ७२, गाव गुहागरजवळ) डोक्याच्या एमआरआयला नेलं तेव्हा दोन गोष्टींवर अडली. एक तर ती नळी. दुसरं मंगळसूत्र. पन्नास वर्षांत काढलं नव्हतं, बाबा शेजारी उभे, आणि तिचा हातच गळ्याकडे जाईना. तिथल्या सिस्टरनी पिशवीतून दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढलं. त्यांच्याकडे ठेवलेलंच असतं म्हणे. "काकू, हे घाला, मग ते काढा." आई लगेच तयार झाली. बाबांनी मंगळसूत्र शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि पूर्ण वेळ खिशावर हात धरून बसले.

---

सातपुडा – सकाळी १०:१५

पोफळीताई, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही उद्यापासून हळकुंड ठेवतो.

सोनं चुंबकाला ओढलं जात नाही, पण धातूची साखळी अंगावर असली की रेडिओलहरींनी तापू शकते आणि चित्रही बिघडतं. खरा धोका असतो पदराच्या सेफ्टी पिनेचा, केसातल्या आकड्यांचा, ब्लाउजच्या हुकांचा. नळीची भीती वाटत असेल तर आत जायच्या आधीच डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका. हातात रबरी फुगा देतो, तो दाबला की आम्ही थांबतो. तो फुगा खरंच चालतो हे मी प्रत्येकाला एकदा दाबायला लावून दाखवतो. निम्मी भीती तिथेच जाते.

आवाजाचंही सांगतो. शरीराच्या कुठल्या भागातून प्रतिसाद आला हे कळावं म्हणून मोठ्या चुंबकाच्या आत आणखी तारांची वेटोळी असतात. त्यांतला प्रवाह क्षणाक्षणाला बदलतो, त्या हादरतात, त्याचा तो ठोकल्यासारखा आवाज. यंत्र बिघडलेलं नसतं. कानात बोळे न घालता आत जाऊ नका.

---

भोसरीकर – दुपारी १:३०

मी लेथवर २२ वर्षं काम केलंय. खांद्याच्या एमआरआयला गेलो तर फॉर्मवर प्रश्न, 'डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?' मी 'नाही' लिहिलं. टेक्निशियन मुलगी हुशार. माझे हात बघून म्हणाली, "काका, काम काय करता?" सांगितल्यावर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. उजव्या डोळ्याच्या मागच्या बाजूला लोखंडाचा कण निघाला, कधी गेला तेही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आत गेला असतात तर तो हलला असता आणि डोळा गेला असता. खांद्याचं मग सोनोग्राफीवर भागवलं. ग्राइंडिंग, वेल्डिंग, लेथ करणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

---

सातपुडा – दुपारी २:०५

भोसरीकर काका, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून आमच्या खोलीत लावणार आहे.

यालाच जोडून. हे चुंबक कधीच बंद नसतं. रात्री नाही, रविवारी नाही, वीज गेली तरी नाही. आतली वेटोळी द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवलेली असतात. त्या थंडीत तारेचा विरोध शून्य होतो, म्हणून एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. भारनियमनात चित्र काढता येत नाही, पण ओढ तशीच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाईक रुग्णासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर हातात घेऊन आत गेला, चुंबकाने ते खेचलं, आणि त्याचा जीव गेला. आला होता तो सोबत म्हणून. त्या बातमीनंतर मी दाराशी कुणाचीही भीड ठेवत नाही. कुणाला मी उद्धट वाटतो, वाटू दे.

---

तिफण – संध्याकाळी ६:४८

दख्खनी सरांनी ताप आणि वजनाचं लिहिलं, तिथे थांबलो. आमच्या बाबांची गोष्ट सांगतो. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वय ६१, आयुष्यभर शेती. तीन महिने पाठ दुखत होती. एक्स-रे काढला तर 'वयानुसार झीज' सांगितलं, गोळ्या दिल्या. बाबा संध्याकाळी पांघरूण घेऊन बसायचे, आम्हाला वाटायचं थंडी. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, ते आईने बघितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "संध्याकाळी कणकण येते का?" आणि त्याच दिवशी एमआरआय लिहून दिला.

पाठीच्या खालच्या भागातले दोन मणके आणि मधली गादी सुजलेली, बाजूला पू साठलेला. मणक्याचा टीबी. सुईने नमुना काढून तपासला, पक्कं झालं, औषधं सुरू केली. आता सहावा महिना चालू आहे. पाय वाचले बाबांचे.

अपर्णाताईंच्या घरी कंबर दुखते, आमच्याही घरी तेच म्हणत होतो. मग आधीचे डॉक्टर चुकले का? एक्स-रेवर हे दिसत नाही?

---

दख्खनी – रात्री ८:२०

तिफण, वडिलांना आराम पडो. एक्स-रेवर मणक्याचा टीबी दिसायला हाड बरंच खाल्लं जावं लागतं, त्यात कित्येक आठवडे जातात. एमआरआयला हाडाच्या आतल्या मगजात आलेली सूज दिसते, म्हणजे हाड ढासळायच्या आधी. पू कुठे आहे, मज्जारज्जूवर दाब आहे का, दोन मणके सोडून आणखी कुठे लागण आहे का, सगळं एका बैठकीत. आपल्या देशात टीबी इतका असताना मला या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. फिट आलेल्या मुलाच्या मेंदूतली गाठ टेपवर्मच्या अळीची आहे हे ओळखणं हा तसाच दुसरा. गाठीच्या आत अळीचं इवलंसं डोकं ठिपक्यासारखं दिसतं आणि घरच्यांच्या मनातली ट्यूमरची धास्ती जाते.

पण बघा, निर्णायक काय ठरलं? 'कणकण येते का' हा प्रश्न. तो आधी विचारला गेला, यंत्र नंतर आलं.

---

नॉटिंगहॅमकर – रात्री ९:५५

मूळचा साताऱ्याचा, अकरा वर्षं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये. इथल्या विद्यापीठातले पीटर मॅन्सफील्ड एमआरआयच्या जनकांपैकी एक, म्हणून थोडी भर.

१९७३ मध्ये अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी दाखवलं की चुंबकीय क्षेत्र एका बाजूने दुसरीकडे थोडं थोडं बदलतं ठेवलं तर प्रतिसाद कुठून आला ते कळतं आणि चित्र काढता येतं. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने त्यांचा लेख आधी परत पाठवला होता. मॅन्सफील्ड यांनी त्यामागचं गणित बसवलं आणि चित्र झटपट काढायची रीत शोधली. या माणसाने १५ व्या वर्षी शाळा सोडली होती, छापखान्यात काम केलं होतं. १९७८ मध्ये पूर्ण शरीराचं यंत्र तयार झालं तेव्हा बदलत्या क्षेत्राने हृदयाचे ठोके बिघडतील असा इशारा त्यांना मिळाला होता. त्यांनी हिशेब पुन्हा तपासला आणि पहिल्यांदा स्वतःच आत गेले.

२००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं. रेमंड डमॅडियन यांचं नाव वगळलं गेलं. गाठीतल्या पेशींचा प्रतिसाद निरोगी पेशींपेक्षा वेगळा असतो हे त्यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या ऊतींवर दाखवलं होतं, आणि ३ जुलै १९७७ ला माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढलं, त्याला जवळपास पाच तास लागले. त्यांनी वर्तमानपत्रांत पान पान जाहिराती देऊन निषेध केला. नोबेल तिघांना देता येतं, दोघांनाच दिलं. माझ्या मते त्यांच्यावर अन्याय झाला, नॉटिंगहॅममध्ये राहूनही असंच म्हणेन.

---

उल्हासकाठ – सोमवार, सकाळी ६:३०

या धाग्यावर आमच्या मुलांबद्दलही लिहायला हवं. माझी मुलगी १७ वर्षांची, थॅलेसीमिया मेजर, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. उल्हासनगरमध्ये आमच्या सिंधी समाजात हा आजार बराच आहे. रक्तासोबत शरीरात लोह साठत जातं, ते बाहेर काढायला शरीराकडे मार्ग नाही. यकृतात साठतं, हृदयात साठतं, आणि पूर्वी आमची मुलं विशीच्या आसपास हृदय बंद पडून जायची.

फेरिटिनची (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारी) रक्ततपासणी आम्ही नियमाने करत होतो, आकडा बरा होता. ती दहा वर्षांची असताना डॉक्टरांनी हृदयाचा टी-टू-स्टार एमआरआय सांगितला. लोह असलं की आजूबाजूचं क्षेत्र विस्कटतं आणि प्रतिसाद लवकर विझतो. किती मिलिसेकंदांत विझतो ते मोजायचं. २० च्या वर असेल तर हृदय सुरक्षित, १० च्या खाली म्हणजे गंभीर. तिचं आलं १४. बाहेरून काहीच लक्षण नव्हतं, ती शाळेत धावायच्या शर्यतीत होती. औषध बदललं, मात्रा वाढवली, एकही दिवस चुकवला नाही. मागच्या वर्षी आकडा आला २६.

ही मोजणी २००१ साली लंडनच्या डॉक्टरांनी मांडली. त्यानंतर ब्रिटनमध्ये या मुलांचे हृदयातल्या लोहाने होणारे मृत्यू ठळकपणे कमी झाले. आमच्यासाठी हे यंत्र म्हणजे वर्षातून एकदा मिळणारा श्वास आहे. सुई नाही, बायोप्सी नाही, नुसतं श्वास रोखून पडून राहायचं.

---

हेमांगी२७ – सकाळी ११:४०

उल्हासकाठ, लेकीला खूप खूप शुभेच्छा.

लोहाचाच धागा पुढे नेते, कारण मी मेंदूच्या अभ्यासात आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की त्यातलं लोह क्षेत्राला किंचित विस्कटतं, प्राणवायू धरलेला असताना नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे उंदरांच्या मेंदूत दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त जास्त येतं आणि प्रतिसाद थोडा वाढतो. फंक्शनल एमआरआय म्हणजे एवढंच. विचार दिसत नाहीत, रक्ताची ये-जा दिसते, आणि तीही काही सेकंद उशिरा.

रिपोर्टाबद्दल इथे जे चाललंय तेच संशोधनातही होतं. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि नेहमीच्या सैल पद्धतीने गणित केलं. माशाच्या मेंदूत 'हालचाल' सापडली! हजारो ठिपके एकाच वेळी तपासले की काही निव्वळ योगायोगाने उजळतात, ते वगळायचं गणित करावंच लागतं, हे त्यांना दाखवायचं होतं. तो मासा आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

२०१६ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातला अभ्यास गाजला. शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेले २१ पंडित आणि २१ इतर पुरुष. पंडितांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित काही भागांत करड्या द्रव्याचं (ग्रे मॅटर) प्रमाण जास्त आढळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो 'संस्कृत बोलल्याने मेंदू वाढतो' होऊन फिरला. पाठांतराने मेंदू बदलला, की तसा मेंदू असलेलेच त्या अभ्यासात टिकले, हे एकदाच काढलेल्या चित्रांवरून ठरत नाही. मला तो अभ्यास मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्या तोंडी नसलेलं वाक्य घातलेलं बघवत नाही.

---

अपर्णा_ठाणे – गुरुवार, रात्री ९:१५

काल हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं. आधी याला चालायला लावलं, टाचांवर, मग चवड्यांवर. उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पायाच्या अंगठ्याची ताकद बघितली. लघवीचं, तापाचं, वजनाचं विचारलं. शेवटी चित्र लावलं आणि म्हणाले, "फुगवटा डाव्या बाजूला आहे, तुमचं दुखतंय उजवीकडे. याचा त्याचा संबंध नाही." व्यायाम दिले, रोज चालायला सांगितलं. परत येताना हा रिक्षाने न येता स्टेशनापासून चालत आला. आज सकाळी कळशी उचलली.

---

तिफण – गुरुवार, रात्री ११:००

वाचून बरं वाटलं ताई.

बाबांचा दुसरा एमआरआय पुढच्या महिन्यात आहे. बातमीत वाचलं होतं की आमच्या चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीने बनवलेलं यंत्र बसलंय, आपल्या देशात तयार झालेलं. बाबांचा काढायचाय तो नागपूरला, पण अशी यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यात आली तर दीडशे किलोमीटर गाडीत बसून पाठ आणखी दुखवून घ्यावी लागणार नाही.

दख्खनी सर, तुमचा प्रतिसाद मी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी या वेळी चिठ्ठी मोठी लिहिली. औषध कोणत्या तारखेपासून, वजन किती वाढलं, पू कुठे होता, पायात ताकद किती, आणि खाली काय बघायचं ते. पानाची मागची बाजूही भरली. बाबांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाराच्या फाईलमध्ये ठेवली आहे.